वाटी म्हणजे काय रे भाऊ?

पतंजलीने महाभाष्यात एक निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे. ज्याला घट हवा असतो तो कुंभाराच्या घरी जातो आणि सांगतो, बाबा, एक घट कर, मला वापरायचा आहे. पण ज्याला शब्द वापरायचे असतात तो काही वैयाकरणाच्या दारात जाऊन 'जरा चार शब्द करून द्या' असं म्हणत नाही. तो सरळ बोलायला लागतो. हे लिहिल्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, या तक्रारीचा याहून जुना लेखी पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

शब्द करून घ्यायला कोणी जात नाही, हे ठीक. पण अर्थ विचारायला? तिथेही माणूस आधी कोश उघडतो. आता कोशाचं काम किती नेकीने करावं याचा नमुना पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली सुरू झालं. प्रत्येक शब्दाचा अर्थ कोणत्या काळात कुठून कुठे सरकला हे दाखवायचं, म्हणून सुमारे दीड हजार ग्रंथ उपसायचे. पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं. पुढे तीसहून अधिक भाग छापून झाले तेव्हाही गाडी 'अ' या अक्षरातच होती. ज्यांना 'क्षमा' या शब्दाचा अर्थ पाहायचा असेल त्यांनी तूर्त ती करावी.

घरगुती कोशाचा वेग चांगला असतो, पण तो फिरवतो फार. 'पात्र' पाहावं तर 'भांडे' म्हणतो, 'भांडे' पाहावं तर 'पात्र' म्हणतो. सरकारी कचेरीत दोन खिडक्यांनी मिळून आपल्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळवावं, तसा हा प्रकार. म्हणून भाषाशास्त्रज्ञ म्हणाले, शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने सांगू नका. अर्थाचे सुटे भाग करा.

ही युक्तीही तशी जुनी. 'गौः' या शब्दाचा विचार करताना पतंजलीने गाईचे सुटे भाग मांडलेच होते: गळ्याची पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंग. अर्थात हे मांडून तो लगेच म्हणतो की हा झाला पदार्थ, हा काही शब्द नव्हे. पण यादी करण्याचा मोह त्यालाही झाला, हे महत्त्वाचं. पुढे १९६३ साली जेरॉल्ड कॅट्झ आणि जेरी फोडर या दोघा अमेरिकन विद्वानांनी असंच एक जनावर टेबलावर घेतलं. ते म्हणजे 'बॅचलर'. मनुष्य: होय. पुरुष: होय. प्रौढ: होय. विवाहित: नाही. चार खुणा जुळल्या की अर्थ तयार. इंग्रजीत याच शब्दाचे आणखी तीन अर्थ निघाले: पहिली पदवी घेतलेला, दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढणारा तरुण सरदार, आणि विणीच्या हंगामात जोडीदारीण न मिळालेला तरुण सील. तीन माणसांच्या रांगेत चौथा तो सील बिचारा गेली साठ वर्षं भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून एकटाच हिंडतो आहे.

ही मांडणी बाहेर पडल्यावर लोकांनी विचारलं, मग पोप बॅचलर का? टार्झन बॅचलर का? चारही खुणा तर जुळतात. मराठीत हा प्रयोग करायला रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडे 'सडाफटिंग' असा झणझणीत शब्द आहे. समर्थ रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मनुष्य, पुरुष, प्रौढ, अविवाहित: चारांत चार गुण. पण एखाद्या मठात उभं राहून त्यांना 'सडाफटिंग' म्हणून पाहा. मारुतीच्या बाबतीत तर 'मनुष्य' या पहिल्याच खुणेवर गाडी अडते, म्हणून तो वाचला. म्हणजे 'सडाफटिंग'मध्ये लग्न न झाल्यापेक्षा कोणी जाब विचारणारं नसल्याचा भाग मोठा आहे. चौकोनी पोळ्या, रविवारी अकराला उठणं, दोरीवर आठवडाभर तेच टॉवेल, हे सगळं त्या शब्दात बसलेलं आहे, आणि यातल्या एकाही गोष्टीसाठी कॅट्झ-फोडर यांच्या तक्त्यात रकाना नाही.

या शब्दाची खरी व्याख्या मुंबई-पुण्याच्या भाड्याच्या बाजारात झाली. 'बॅचलरला जागा नाही' या पाटीवर भाषाशास्त्राचा एखादा प्रबंध सहज होईल. एजंटाशी बोला. संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या तीन मुली फ्लॅट शोधत असल्या तर त्या बॅचलर, 'लेडीज बॅचलर'. म्हणजे 'पुरुष' ही खूण गळाली. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेला, पदरी एक मुलगा असलेला, दोन्ही बाजूंच्या चारशे माणसांसमोर लग्न लागलेला गृहस्थ एकटा जागा बघायला आला, तर सोसायटीचे सेक्रेटरी त्याला म्हणतात, "आम्ही बॅचलरना देत नाही." म्हणजे 'अविवाहित' हीही गळाली. उरलं काय? मनुष्य आणि प्रौढ. त्यांतली 'मनुष्य' ही खूण सोसायटीला कितपत मान्य असते याबद्दल भाडेकरूंच्या मनात शंका आहेत.

असं असलं तरी सुट्या भागांची ही पद्धत टाकाऊ नाही. एका खात्यात ती फार उत्तम चालते, आणि ते खातं म्हणजे नातेवाईक. किंबहुना ती जन्मली तिथेच. १९५६ साली वॉर्ड गुडइनफ यांनी पॅसिफिकमधल्या ट्रक बेटांवरच्या नातेशब्दांचे आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी अमेरिकेतल्या पॉनी लोकांच्या नातेशब्दांचे असेच पदर सुटे करून दाखवले. पिढी कोणती, पुरुष की स्त्री, आईकडचं की बापाकडचं, रक्ताचं की लग्नाचं. एवढ्या दूर जाण्याआधी त्यांना कोणी सदाशिव पेठेतली एखादी मुंज दाखवायला हवी होती. इंग्रज 'अंकल' म्हणून मोकळा होतो. आपल्याला काका, मामा, मावशीचे यजमान आणि आतोबा वेगळे ठेवावे लागतात, कारण प्रत्येकाचा आहेर वेगळा असतो. 'जाऊ' म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. दोन अक्षरांत दोन लग्नं आणि एक रक्ताचं नातं. 'साडू' तर या पद्धतीचं भूषण आहे. दोन सख्ख्या बहिणींनी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या निर्णयांमुळे एकाच सोफ्यावर शेजारी येऊन बसलेले दोन परके पुरुष. खुणा मोजून घ्या, एकही चुकत नाही.

पण मराठी माणूस कोणत्याही तक्त्यात एक तरी रकाना फाडतोच. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा घरात आईचा भाऊ हाच सासरा. 'रक्ताचं की लग्नाचं?' या प्रश्नापुढे दोन्हीकडे खूण. ज्या घरांत अशी लग्नं होत नाहीत त्यांतल्याही कित्येक सुना सासऱ्यांना 'मामंजी' म्हणत आल्या, आणि काही भागांत सासूला 'आत्याबाई'. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात उत्तरेची आणि दक्षिणेची रीत महाराष्ट्रात एकमेकींत कशी मिसळली आहे हे दाखवून दिलं आहे. आपण भाषेच्या सरहद्दीवर राहतो याची जाणीव आपल्याला सीमाप्रश्नाच्या वेळी होते. सुनेला ती सकाळी चहा नेऊन देताना व्हायची.

आणि हे सगळे नातेवाईक घरात असेपर्यंतच तक्ता टिकतो. ते रस्त्यावर आले की संपलं. रिक्षावाले काका. शाळेचे शिपाईमामा. चौकात शिट्टी घेऊन उभे असलेले आणखी एक मामा. धुणंभांडी करायला येतात त्या मावशी, भाजी विकतात त्याही मावशी. निवडणुकीच्या फलकावर हात जोडून उभे ते सगळे दादा, भाऊ, अण्णा, ताई आणि वहिनी. संपूर्ण एकत्र कुटुंब, फक्त एकमेकांविरुद्ध उभं. यात पिढी, रक्त, बाजू यांतली एकही खूण लागू नाही. लागू असते ती फक्त 'आपल्यापेक्षा मोठं' ही, आणि तीही बोलणाऱ्याच्या मते. पस्तिशीतल्या बाईंना एखाद्या महाविद्यालयीन पोराने लिफ्टमध्ये 'काकू, कितवा मजला?' असं विचारलं की अर्थविज्ञानातला सगळ्यात तीव्र वाद अवघ्या चार मजल्यांत होऊन जातो.

मला मात्र या प्रकरणात छळणारा प्रश्न वेगळाच आहे. भाजीवाली मावशी का? आत्या का नाही? तक्त्यात दोघींमध्ये फरक एकाच खुणेचा: एक आईची बहीण, एक बापाची. बाकी सगळं सारखं. तरी आजवर कोणीही मंडईत 'ओ आत्या, मेथी कशी दिली?' असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. याचं कारण तक्त्याबाहेर आहे. मावशीकडे हट्ट करता येतो, घासाघीस करता येते, वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मागता येतात. आत्या म्हणजे मानाचं माणूस. बारशाला कानात कुर्र करून नाव ठेवायचा अधिकार तिचा. आयुष्यभर आपण जे नाव सांगत हिंडतो त्यावर तिची सही असते. तिच्याशी मेथीच्या जुडीवरून वाद घालण्याची कोणाची छाती आहे? पण 'आत्या' या शब्दाची व्याख्या 'वडिलांची बहीण' एवढीच लिहून कोश गप्प बसतो. कोशकाराची स्वतःची आत्या हयात असावी.

नातेवाईकांकडून भांड्यांकडे वळू, कारण पुढचा महत्त्वाचा प्रयोग भांड्यांवर झाला. १९७३ साली विल्यम लबोव्ह यांनी कपांची चित्रं लोकांना दाखवली. पहिला कप शहाण्यासारखा. पुढचे हळूहळू रुंद होत जाणारे, काही उंच होत जाणारे. याला काय म्हणाल? रुंदी वाढत गेली तसे 'कप' म्हणणारे कमी होत गेले आणि 'बोल' म्हणणारे वाढत गेले. पण 'इथे कप संपला' अशी रेघ कुठे सापडली नाही. मजा पुढे आहे. तेच भांडं, पण त्यात कॉफी आहे असं समजा म्हटलं तर ते जास्त वेळ कप राहिलं; त्यात कुस्करलेले बटाटे आहेत म्हटलं तर लवकर बोल झालं. म्हणजे भांड्याचं नाव भांड्यात नसून त्यातल्या पदार्थात निम्मंअर्धं असतं.

हा प्रयोग आमच्या घरात करता येत नाही, कारण मी पुण्याचा आणि सौ. नागपूरची. मी ज्याला पातेलं म्हणतो त्याला तिच्या माहेरी गंज म्हणतात. शेजारच्या दादरकर वहिनी त्यालाच टोप म्हणतात आणि वर राहणारे मराठवाड्याचे सर भगोणं म्हणतात. माझी वाटी नागपुरात कटोरी होते. सासुरवाडीत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी "जरा भांडं देता का?" म्हणालो, तर मेहुणीने विचारलं, "कोणतं भांडं, भाऊजी? कुकर आणू का?" पुण्यात भांडं म्हणजे सगळी भांडी हे खरंच, पण भांडं म्हणजे पाणी प्यायचं तेवढंच, असंही आहे. तांब्या-भांडं म्हटलं की तांब्या हे भांडं नव्हे असं कोणी मानत नाही. आणि तरी दोन वस्तू येतात. एकच शब्द जातीचंही नाव आणि त्या जातीतल्या एका सदस्याचंही. फुलपात्राबद्दल तर बोलायलाच नको. त्यात फूल सोडून सगळं असतं.

वाटी हा शब्द मात्र मी कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाला आव्हान म्हणून द्यायला तयार आहे. आमटीची वाटी समजली. नारळाची वाटी? तिच्यात काही ओतायचं नसतं, तिच्यातून खरवडायचं असतं. गुडघ्याची वाटी आयुष्यभर पालथीच. मंगळसूत्राच्या वाट्यांत मावून मावून किती मावणार? ठीक, 'खोलगट गोल' एवढं समान धरू. आता पाककृती उघडा: एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तूप. केवढी वाटी? या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे: कोणतीही घ्या, पण तीच घ्या. सोस्यूर या स्विस पंडिताची व्याख्यानं १९१६ साली, तो गेल्यावर, पुस्तकरूपाने निघाली. शब्दाला स्वतःचं असं ठरीव माप नसतं, शेजारच्या शब्दांच्या तुलनेत त्याची किंमत ठरते, हे त्यात किती पानं घेऊन समजावलं आहे! माझ्या आईने ते शिऱ्याच्या पहिल्याच वाक्यात उरकलं असतं.

आता सुटे भाग चालत नाहीत आणि रेघाही सापडत नाहीत, तर मग माणसाच्या डोक्यात शब्द राहतो तरी कसा? एलिनॉर रॉश यांनी सत्तरच्या दशकात याला एक उत्तर दिलं: नमुना होऊन. अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं, पक्षी म्हटल्यावर कोणता पक्षी अगदी पक्ष्यासारखा? रॉबिन पहिल्या रांगेत, पेंग्विन पार मागे. दोघेही पक्षीच, पण एक घरचा, एक आमंत्रणापुरता. मराठी घरात हा प्रयोग जेवणाच्या ताटावर होतो. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. शहामृगाचा घास काढलेला मी पाहिलेला नाही, आणि काढला तर वरणभात पुरायचा नाही.

पण काही शब्दांना नमुनाही सापडत नाही. विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाचं मोठं पुस्तक १९५३ साली, तोही गेल्यानंतर, आलं. (अर्थावर लिहिणाऱ्यांनी जिवंतपणी पुस्तक छापू नये असा काहीतरी संकेत असावा.) त्यात तो विचारतो, सगळ्या 'खेळां'मध्ये समान काय? काहीच नाही. एका कुटुंबातल्या माणसांत कोणाचं नाक कोणाशी, कोणाची चाल कोणाशी जुळते, तसं हे कौटुंबिक साम्य. त्याला आषाढी एकादशीला आमच्याकडे जेवायला बोलावलं असतं तर त्याने खेळांचा नाद सोडून 'उपवासाचं' हा शब्द घेतला असता.

'उपवासाचं' म्हणजे काय, ते सुट्या भागांनी सांगून पाहा. धान्य नाही? राजगिरा आणि वरी चालतात. वरीला तर सगळे खुशाल 'वरीचे तांदूळ' म्हणतात. डाळी-कडधान्य नाही? शेंगदाणा शेंगेतच होतो आणि तो तर उपवासाचा कणा. जुनं, परंपरेचं, इथलं? बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी खिचडीतलं तूप, जिरं आणि मीठच तेवढं एकादशी करत असावं. तिखट नाही? मिरची चालते. मसाला नाही? जिरं चालतं, मोहरी चालत नाही. हळद बहुतेक घरांत चालत नाही. कोथिंबीर काही घरांत चालते, काहींत चालत नाही, आणि आमच्याकडे आई गावाला गेली असेल तर चालते. विटगेनश्टाइनचं कौटुंबिक साम्य ते हेच, फक्त इथे कुटुंब खरोखरचं आहे.

या शब्दाचा उलगडा शेवटी दिङ्‌नागाने होतो. हा बौद्ध तर्कपंडित दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्याचं म्हणणं असं की शब्द वस्तूवर थेट बोट ठेवत नाही. तो बाकीच्यांना बाहेर काढतो. गाय म्हणजे काय? जी गाय-नसलेली नाही ती. पहिल्यांदा ऐकलं की हा माणूस चेष्टा करतो आहे असं वाटतं. पण उपवासाचं म्हणजे काय? जे उपवासाला चालत नाही ते नव्हे! यापलीकडे एकही व्याख्या कोणत्याही स्वयंपाकघरात टिकणार नाही. पुण्यातलं कौतुकही दिङ्‌नागाच्याच रीतीने चालतं. "गाणं कसं झालं?" "वाईट नव्हतं." गायकाने यावर एक शालजोडी मिळाली असं समजावं.

उलट काही शब्द असे आहेत की त्यांना एकटं गाठून काही उपयोग नाही. त्यांची संगत पाहावी लागते. जॉन फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली हाच मार्ग सांगितला: शब्द ओळखायचा तर तो कोणाबरोबर उठतो-बसतो ते पाहा. थोडक्यात, मुलगी देण्यापूर्वी करतात तशी चौकशी. मराठी वृत्तपत्रांत ही पद्धत सोन्यासारखी चालते. 'इसम' हा शब्द घ्या. कोश सांगेल, इसम म्हणजे माणूस. पण आपल्या ओळखीत एक तरी इसम आहे का? इसम लग्नाला येत नाही, त्याला बढती मिळत नाही. तो 'अज्ञात' असतो, फार तर 'अनोळखी', आणि त्याच्या हातात 'धारदार शस्त्र' असतं. तो आला की 'एकच खळबळ' उडते (दोन खळबळी उडाल्याची नोंद नाही), पोलीस 'घटनास्थळी धाव' घेतात आणि 'कसून चौकशी' करतात. सैल चौकशी कोणी करत नाही. निदान छापत नाही. या संगतीतून 'इसम' उचलून एखाद्या आमंत्रणपत्रिकेत टाका, 'तरी आपण सहकुटुंब यावे, आपला इसम, अमुक', आणि वऱ्हाडी किती येतात ते बघा.

आताची यंत्रं हेच करतात. त्यांना गाईची पोळी माहीत नाही, वाटीची खोली माहीत नाही. कोट्यवधी वाक्यं वाचून कोणता शब्द कोणाच्या शेजारी किती वेळा बसला एवढं ती मोजतात आणि त्यावरून प्रत्येक शब्दाला आकड्यांच्या अवकाशात एक जागा देतात. संगत सारखी, तर जागा जवळची. यात एक गंमत होते. 'चांगला' आणि 'वाईट' या शब्दांची संगत जवळजवळ एकच असते: माणूस, दिवस, अनुभव, निकाल, सिनेमा. त्यामुळे विरुद्धार्थी शब्द यंत्राला अगदी शेजारी वाटतात, आणि अभ्यासकांना ते मुद्दाम वेगळे काढण्याचे उपाय शोधावे लागतात. याच न्यायाने 'सासू' आणि 'सून' घ्या. दोघींभोवती तोच नवरा, तोच मुलगा, तेच घर, तोच स्वयंपाक, तीच मालिका. एकमेकींच्या इतक्या निकट असलेले दुसरे दोन शब्द मराठीत यंत्राला मोठ्या कष्टाने सापडतील. हा निष्कर्ष मी आमच्याकडे अजून दोघींपैकी कोणालाही कळवलेला नाही.